निरंक

इथे, किसुमूत, नोकरी शोधण्याला म्हणतात
डांबर तुडवणं.
मी चौदा महिने तुडवलं.
उजव्या बुटाचा तळ आधी गेला,
डाव्याचा अजून शाबूत.
का, ते बुटालाच ठाऊक.

प्रत्येक अर्जात एक चौकोन असायचा: अनुभव.
आधी मी त्यात रेघ मारायचे,
मग ‘शिकण्याची तयारी’ असं लिहायला लागले,
पुढे पुढे सरळ: निरंक.
पंख्याखाली बसलेली बाई म्हणायची,
आधी कुठेतरी काम करून ये, मग इथे ये.
पुढच्या दारातली बाईही तेच म्हणायची.
दोन्ही पंख्यांमधलं अंतर
मी पायी मोजलंय:
साडेचार किलोमीटर, सावली नाही.

आई किबुयेच्या बाजारात ओमेना विकते,
करंगळीएवढी सुकी मासळी,
चांदीच्या कातरणासारखी.
उधारी तिची तोंडपाठ:
कोण, किती डबे, कुठल्या रविवारी,
कुणाकडे बाळंतपण आहे म्हणून थांबायचं.
एकदा तिला मी दुहेरी नोंद समजावली,
प्रत्येक येण्यामागे कुठून तरी जाणं असतं.
मासळीतले खडे वेचत ती म्हणाली,
हे शिकायला फी भरलीस?

नोकरी शेवटी जाहिरातीतून आलीच नाही.
कोंडेलेच्या चढावर न्यांग्वेसोची पिठाची गिरणी,
मी मका दळायला गेले होते.
मालक पावत्या खिळ्याला टोचत होता
आणि शिव्या घालत होता, खिळ्याला.
मी म्हटलं, मला येतं हे.
‘कुठे केलंयस?’
‘कुठेच नाही.’
गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही,
म्हणून मी ओरडले,
कुठेच नाही!
नेमका तेव्हाच पट्टा थांबला.
रांगेतल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

तीन दिवस बघू, म्हणाला. बिनपगारी.

पहिल्या दिवशी फक्त पीठ झटकलं.
दुसऱ्या दिवशी कळलं,
पावतीवरचा ‘म’ म्हणजे महिंदी, मका,
आणि ‘म’ म्हणजेच म्तामा, ज्वारी.
अक्षर सांगत नाही कुठलं दळण,
कागदावरचा बोटाचा डाग सांगतो:
पांढरा की तांबूस.
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, चाळीस शिलिंग कमी.
पेटी उपडी केली. फोनवर आलेले पैसे पुन्हा ताडले.
डिझेल, पट्ट्याची दुरुस्ती, पोराचा चहा.
चाळीसच.
माझ्या खिशात घरी जायचं भाडं होतं,
तेही चाळीस.
पेटीत टाकले असते तर ताळा जुळला असता
आणि वही शहाण्यासारखी मिटली असती.
बराच वेळ नाण्यांवर अंगठा फिरवत बसले.
मग लिहिलं: फरक चाळीस. सापडला नाही.

मालकानं ती ओळ दोनदा वाचली.
‘आधीच्या पोराचं रोज जुळायचं,’ म्हणाला.
‘दोन वर्षं. एक शिलिंग इकडचा तिकडे नाही.’
माझे कान तापले.
‘आता कुठे असतो तो?’
‘नव्या गिरणीत. त्याच्या स्वतःच्या.’
हसला नाही.
‘सोमवारी सातला ये. पगार थोडा आहे.’

घरी आईनं विचारलं, किती?
आकडा सांगितला तर म्हणाली,
महिना मला कळत नाही, दिवसाचं सांग.
मी भागाकार केला. थोडी बाकी उरली.
ती राहू दे म्हणाली, बुटाला होईल.

रात्री दिवा मालवल्यावर आठवली
दुपारची ती म्हातारी, टोपलीला दोरी बांधलेली.
चार डबे.
मी म्तामा लिहिलं, डबीमागे दहा जास्त धरून.
डाग तर पांढरा होता.
चार दाहे चाळीस.

उठून बसले.
सोमवारच्या आधी अख्खा रविवार आहे,
आणि मी अंधारात
बूट चाचपडतेय.